पठार आंधळे आहे

११ जानेवारी १९९२, स्टेनाविक

रस्ते खात्याची सूचना आज सहकारी दुकानाच्या दारावर लागली. पठारावरील रस्त्याचा बर्फ आजपासून वीस मार्चपर्यंत काढला जाणार नाही. दरवर्षी हीच सूचना याच शब्दांत लागते आणि दरवर्षी ती वाचून मी दूध घेऊन घरी येतो. आज दूध विसरलो. पठाराच्या पलीकडे, हाम्रारच्या शेतावर, माझी मुलगी उन्नुर राहते आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिला मूल व्हायचे आहे.

बाळंतपणाआधी पठाराच्या अलीकडे येऊन राहायचे, हा रिवाज तिला मान्य आहे. परंतु तिचा नवरा स्नाएब्योर्न गवताच्या माळ्यावरून पडून खांदा मोडून बसला आहे आणि मेंढ्यांचे सारे तीच पाहते. त्याचा भाऊ मासेमारीच्या बोटीवरून फेब्रुवारीअखेर परत येईल, मग ती निघेल. निघेल म्हणजे कशाने, हे कोणी बोलत नाही. किनाऱ्याची बोट हिवाळ्यात समुद्राच्या लहरीवर येते. बचाव पथकाकडे पट्ट्यांवर चालणारी गाडी आहे. परंतु ती संकटात सापडलेल्यांसाठी असते आणि माझ्या मुलीची गणना त्यांत व्हावी, अशी माझी इच्छा नाही.

म्हणून ही जीप. चारही चाकांना ओढ असलेली, डिझेलवरची, जुनी. मात्र सांगाडा शाबूत. शेजारच्या आस्गेर्दुरच्या गॅरेजमध्ये ती उभी आहे. मोठे टायर बसावेत म्हणून आज मडगार्ड कापायचे होते. आस्गेर्दुरने करवत सुरू केली आणि माझ्याकडे पाहून पुन्हा बंद केली.

"तू बाहेर जा बघू. हिशेबनिसाला हे बघवायचं नाही."

"मोजून काप म्हणजे झालं."

"मोजलंय रे. पण तुझ्या वहीत चुकलं तर खोडता येतं. पत्र्याला खोडरबर नसतं."

मी बाहेर गेलो नाही. तिने दोन ठिकाणी बोटभर जास्त कापले आहे. ती म्हणते, नाही.

१६ जानेवारी

टायर आले. माझ्या कमरेपर्यंत येतात. खोल बर्फात जीप बर्फ कापत जात नाही, ती बर्फावर तरंगली पाहिजे. आमच्याकडे हाच शब्द वापरतात. रस्त्यावर टायरमध्ये अठ्ठावीस पौंड हवा लागते, पठारावर ती चार, तीन, प्रसंगी दोन पौंडांवर आणावी लागते. मग टायर खाली पसरतो, त्याच्या अंगाला सुरकुत्या पडतात आणि जीप रुंद पायांच्या जनावरासारखी वर राहते. धोका एवढाच, की हवा इतकी कमी असताना टायर रिमवरून निसटू शकतो. म्हणून आज आस्गेर्दुरने आणि मी चारही टायर रिमला चिकटवले. गोंदाचा वास अजून हाताला आहे.

कमी दाब मोजणारा वेगळा मीटर मागवला होता. त्यावरील आकडे मुंगीएवढे आहेत. ते मी चष्म्याशिवाय वाचून दाखवले. गेले काही महिने वाचायला मला चष्मा लागत नाही. कार्यालयातील सर्व वह्या मी उघड्या डोळ्यांनी तपासतो. चाळिशीत हे जमत नव्हते. घरी आल्यावर दाग्नीला सांगितले. कोणतीही पत्नी आनंदित झाली असती. ती म्हणाली, "आणि लांबचं?"

"लांबचं काय?"

"काही नाही. जेवायला बस."

२६ जानेवारी

गोठलेल्या कुरणावर पहिला सराव. दाग्नी सोबत आली. उतरून टायरच्या सुरकुत्या कशा पाहायच्या, चाके जागीच फिरू लागली तर पाय कसा काढून घ्यायचा, खड्ड्यात न रुतता आपल्याच मागातून मागे येऊन पुन्हा वेग कसा घ्यायचा, हे सर्व मी तिला नीट समजावून सांगितले. तिने लक्षपूर्वक ऐकले आणि मग, "मला एक फेरी मारू दे," म्हणाली. हौस म्हणून दिली. बरी चालवते. मात्र हे कुरण आहे, पठार नव्हे.

३१ जानेवारी

दर गुरुवारी दाग्नी आणि आस्गेर्दुर चर्चमधील गानवृंदाच्या सरावाला जातात. काल रात्री जेवणानंतर जीपचे वंगण पाहायला गेलो तर चाकांच्या आतील बाजूस ताजा बर्फ गच्च बसलेला होता. आस्गेर्दुर म्हणाली, हीटर तपासायला जरा बाहेर काढली होती. हीटर उभ्या गाडीतही तपासता येतो. मी तसे म्हटले. ती म्हणाली, "तुझ्यासारखा बारकाईने बघणारा माणूस उभ्या स्टेनाविकमध्ये नाही." मी आभार मानले.

५ फेब्रुवारी

दिवे परत पाठवत आहे. टपालाने मागवलेले दोन्ही दिवे सदोष आहेत. काल लावून पाहिले तर प्रत्येक दिव्याभोवती मोठे धूसर कडे दिसते, जणू काच तेलकट आहे. काच दोनदा पुसली. आस्गेर्दुरला बोलावून दाखवले.

"दिसतंय का कडं?"

ती दिव्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त वेळ पाहत होती. "मला नाही दिसत."

"तू रोज वेल्डिंग करतेस. तुझी नजर गेली असेल."

"असेल बाबा," ती म्हणाली. एरवी अशा बोलण्यावर ती मला सोडत नाही.

आता पिवळे दिवे मागवतो. टपावर तीन, बंपरवर दोन. तिचे म्हणणे असे की, ही जीप आहे की नाताळचे झाड, ते एकदा ठरवून टाक.

९ फेब्रुवारी

उन्नुरचा फोन. आवाज थकलेला होता. मी तिला तयारीचा वृत्तान्त दिला: डिझेल गोठू नये म्हणून घालावयाचे द्रव्य, इंजिन तापवण्याची तार, दोन फावडी, दोर, फळ्या, हवा पुन्हा भरण्याचा काँप्रेसर. 

"बाबा, आई येणार ना बरोबर?"

"जीपमध्ये वजन जितकं कमी तितकं बरं."

"आईचं वजन कितीसं आहे?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

"मग तत्त्व घरी ठेव आणि आईला आण," ती म्हणाली आणि हसली. मग हसता हसता मध्येच थांबली. मी विचारले, काय झाले. म्हणाली, बाळ पाय ताणतेय.

आईची ओढ अशा वेळी साहजिकच असते. तरीही मला थोडे लागले, हे मान्य करतो.

१५ फेब्रुवारी

आज पठारावर चाचणी. आस्गेर्दुर सोबत होती. आकाश निरभ्र होते, परंतु नेमक्या अशाच दिवशी पांढऱ्यात पांढरे मिसळते आणि वर-खाली कळेनासे होते. आमच्या भाषेत त्याला पठार आंधळे झाले, असे म्हणतात. माणूस आंधळा झाला, असे कोणी म्हणत नाही. पठार आंधळे होते, हवा आंधळी होते. आज तसे होते. मी तसे म्हटलेही. आस्गेर्दुरने काळा चष्मा लावला होता. ती म्हणाली, "बरं. आंधळं आहे म्हणतोस तर हळू घे."

रस्त्याच्या कडेचे पिवळे खांब हाच तेथे एकमेव आधार. यंदा खात्याने ते फार लांब लांब रोवले आहेत.

"जरा डावीकडे," ती म्हणाली. "आणखी. अर्न्थोर, डावीकडे! डावीकडे!"

उजव्या बाजूचा आरसा फुटला आणि पुढचे चाक चरात गेले. टायर रिमवरून सुटला नाही. गोंद उत्तम आहे. दोघांनी खणून जीप बाहेर काढली.

"खांब होता कुठे?" मी विचारले.

"होता कुठे? त्याचा कान उपटून आलास तू."

म्हणजे खांबांमधील अंतर नियमापेक्षा अधिक आणि रस्त्यापासूनचे अंतर नियमापेक्षा कमी. खात्याला पत्र लिहिले पाहिजे. परतताना, काँप्रेसरचा आवाज ऐकायचा आहे, असे सांगून आस्गेर्दुरने गाडी स्वतः चालवली. काँप्रेसर चालकाच्या आसनाखाली आहे, त्यामुळे हे योग्यच होते.

१६ फेब्रुवारी

दाग्नीने माशाचे सार वाढता वाढता विचारले, "एप्रिलमध्ये डोळ्यांचा डॉक्टर येतोय आरोग्य केंद्रात. नाव घालू का?"

"कोणाचं?"

"मांजराचं."

"आपल्याकडे मांजर नाही."

तिने पळी भांड्यात ठेवली. "अर्न्थोर, उन्नुरला आणताना गाडी मी चालवू?"

"तुला पठाराची सवय नाही."

"तुलाही नाही."

"जीप मी तयार केली आहे. प्रत्येक बोल्ट मला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या हाती ती देणं मला योग्य वाटत नाही."

"मी दुसरी?"

यावर मी उत्तर देण्यापूर्वीच ती उठली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुऊ लागली.

१९ फेब्रुवारी

तयारी पूर्ण झाली आहे आणि भीती कमी होत नाही. कशाची भीती, हे नेमके मांडता आले तर तिच्यावर उपाय करता येतो, अशी माझी आजवरची समजूत. डिझेल गोठेल? द्रव्य घातले आहे. ब्रेक गोठतील? थांबताना लावणार नाही. टायर फाटेल? दुरुस्तीचे सामान आहे. वादळ आले? निघणार नाही. प्रत्येक शंकेसमोर उत्तर आहे, तरी बेरीज जुळत नाही.

आज सकाळी कार्यालयात शिरताना मी खजिनदाराला सुप्रभात म्हणालो. तो त्याचा खुंटीवरचा कोट निघाला. कोणी पाहिले नाही.

२१ फेब्रुवारी

दुपारी स्नाएब्योर्नचा फोन. उन्नुरला कळा येत आहेत. अंतराने, सौम्य, पण थांबत नाहीत. सुईणीशी बोलणे झाले. ती म्हणाली, आज घाई नाही. मात्र रविवारपासून मोठे वादळ सांगितले आहे, त्याआधी तिला अलीकडे आणा. बोट बंदरात अडकून आहे. आस्गेर्दुर बचाव पथकात असल्याने तिने विचारले, पथकाची गाडी काढू का? मी म्हणालो, आम्ही संकटात नाही, उद्या सकाळी मी निघतो. ती दाग्नीकडे पाहून म्हणाली, "आम्ही पथकाचे लोक पठाराच्या पायथ्याच्या फाटकापाशी थांबतो. हाम्रारहून निघाल्याचा फोन आला की वर येऊ."

मग दाग्नी म्हणाली, "मी येतेय." तो प्रश्न नव्हता.

२३ फेब्रुवारी, इस्पितळ

जे घडले ते क्रमाने लिहितो. हात अजून ताठरलेले आहेत, अक्षराबद्दल क्षमा असावी.

काल सकाळी फाटकापर्यंत रस्ता साफ होता आणि दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती होत्या. तिथवर मी उत्तम चालवली. फाटकापाशी हवा चार पौंडांवर आणली, वर चढल्यावर तीनवर. जीप तरंगू लागली. ती तरंगली तेव्हा मला जो आनंद झाला तो या वयात शोभत नाही. मग चढ संपला, भिंती संपल्या, आणि समोर काहीच उरले नाही. मी थांबलो.

"काय झालं?" दाग्नीने विचारले.

"आंधळं आहे."

तिने हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "अर्न्थोर, ऊन पडलंय."

"उन्हातच तसं होतं."

"पुढचा खांब मला दिसतोय. त्याच्या पुढचा दिसतोय. त्याच्याही पुढे एक वाकलेला आहे, त्यावर डोमकावळा बसलाय."

"डोमकावळा?"

"चांगला गलेलठ्ठ आहे."

मी काचेतून पाहिले. बराच वेळ पाहिले. मला एक खांबही दिसत नव्हता. पांढरे होते आणि त्या पांढऱ्यामागे जणू दुधाचा पडदा होता. तो मी गेल्या उन्हाळ्यापासून ओळखत होतो आणि त्याला दर वेळी दुसरे नाव देत होतो.

टायरमधील हवा पुन्हा तपासणे आवश्यक आहे, असे सांगून मी उतरलो. एकेका चाकापाशी बसून हाताने सुरकुत्या चाचपल्या. शेवटचे चाक तिच्या बाजूचे होते. तेथून सर्वांत जवळचे दार तिचे. ते उघडले तेव्हा दाग्नी चालकाच्या जागी सरकून बसली होती आणि आसन पुढे ओढत होती. ती काही म्हणाली नाही. त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे आणि तसे येथे नमूद करतो.

तिने न विचारता हळू गिअर टाकला. पहिल्या मोठ्या ढिगाऱ्यात जीप अडली तेव्हा ती आपल्याच मागातून मागे आली, थांबली, वेग घेतला आणि पार झाली. चाके एकदाही जागी फिरली नाहीत.

"हे कुठे शिकलीस?"

"गानवृंदात."

मी मीटर वाचत राहिलो. ते काम माझे होते आणि मला जमत होते.

हाम्रारला उन्नुर दारातच उभी होती, एक हात चौकटीला धरून. जीपकडे पाहून ती म्हणाली, "आई चालवतेय! देवा!" मग मला मिठी मारली. पोट मध्ये येत होते. स्नाएब्योर्न एका हाताने कॉफी ओतत होता आणि अर्धी टेबलावर सांडत होता. त्याच्या भावाचा पत्ता नव्हता. मेंढ्यांसाठी त्याला मागेच राहावे लागणार होते. निघताना त्याने चांगला हात माझ्या खांद्यावर ठेवला, काहीतरी बोलायला तोंड उघडले आणि, "मी आस्गेर्दुरला फोन करतो, निघालात म्हणून," एवढेच म्हणाला.

वादळ रविवारचे होते. ते शनिवारी दुपारीच आले. पठाराच्या मध्यावर वारा उठला, जमिनीवरचा बर्फ हवेत गेला आणि काचेवर नुसती पांढरी धार सुरू झाली.

"गेलं," दाग्नी म्हणाली. "मला बॉनेटसुद्धा दिसत नाहीये."

उन्नुर तिच्या शेजारी बसली होती, मी मागे सामानात. "थांबून बघू," उन्नुर म्हणाली, आणि तेवढ्यात कळ आली. तिने दाराची मूठ धरली आणि दात आवळून श्वास सोडत राहिली. ओसरायला फार वेळ लागला. दाग्नीने मागे वळून माझ्याकडे पाहिले. थांबायचे नाही, हे दोघांनाही कळले.

सकाळी आमच्या चाकांनी दाबलेला बर्फ दिवसभरात घट्ट झालेला असणार, हे मला ठाऊक होते. वरून नवा भुसभुशीत थर आला तरी पायाखाली तो टणक लागतो. बाजूला पाय पडला की गुडघ्यापर्यंत जातो. म्हणजे माग दिसला नाही तरी लागेल. मी दोराचे एक टोक खिडकीच्या फटीतून दाग्नीच्या हाती दिले आणि दुसरे कमरेला बांधले.

"बाबा, तू कुठे चाललास? तुला तर—" उन्नुर म्हणाली आणि थांबली.

"इथे कोणालाच दिसत नाही," मी म्हणालो. "मी पायांनी जातो. दाग्नी, दोर ओढला की पुढे ये. दोनदा ओढला की थांब."

किती चाललो ते सांगता येत नाही. अंदाज लिहिण्याची मला सवय नाही. टणक, टणक, टणक, मऊ. मग पाय मागे, उजवीकडे, पुन्हा टणक. श्वास तोंडातच गोठत होता. मागून इंजिनाचा आवाज वाऱ्यात बुडायचा आणि दर वेळी मला वाटायचे की दोर तुटला. एकदा दोन्ही पाय एकदम मऊ बर्फात गेले. मी दोर दोनदा ओढला आणि चारही दिशांना हातापायांनी चाचपत राहिलो. त्या वेळी मी मोठ्याने रडलो, हेही लिहून ठेवतो. वाऱ्यामुळे कोणाला ऐकू जाणे शक्य नव्हते. माग डावीकडे सापडला. पुढे एका खांबाला छातीने धडकलो आणि त्याला दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो, तोवर जीप माझ्या पाठीशी आली. दाग्नीने काच खाली केली.

"आहेस ना?"

"आहे. ती कशी आहे?"

"शिव्या देतेय. चाल."

उतार लागला तेव्हा समोरून आवाज आला. पट्ट्यांची गाडी होती. आस्गेर्दुर खाली उडी मारून माझ्यापर्यंत आली आणि तिने माझी कॉलर धरली. "संकटात नाही म्हणे! मूर्ख माणसा, भुवया कुठे आहेत तुझ्या?" मग स्वतःच्या मोज्याने माझ्या चेहऱ्यावरचा बर्फ पुसू लागली. उन्नुरला उचलून त्यांच्या गाडीत घेतले. मी आक्षेप घेतला नाही.

मुलगी आज पहाटे झाली.

२६ फेब्रुवारी

बाळ लवकर आले आणि वजनाला कमी भरले, म्हणून तिला उबेच्या पेटीत ठेवले आहे. आम्हाला काचेपलीकडून पाहू देतात. खोली लांबट आहे आणि पेटी पार टोकाला. आज प्रथमच उन्नुर उठून काचेपर्यंत आली. दाग्नीने तिला धरले होते. आत परिचारिकेने कापड बाजूला केले.

"अगं बाई," दाग्नी म्हणाली.

"बघितलंस बाबा?" उन्नुर म्हणाली. "बघ, बघ, आत्ता काय केलं ते!"

मी काचेला कपाळ लावले. आत प्रकाश होता, एक पांढरी आकृती होती आणि तिच्या हातांत आणखी काही पांढरे. छान आहे, असे म्हणणे सोपे होते. शब्द तोंडात तयार होते.

"मला दिसत नाही," मी म्हणालो.

 उन्नुरने माझ्या कोटाची बाही धरली. मग दाग्नी माझ्या आणखी जवळ येऊन उभी राहिली आणि सांगू लागली. तिने पायांपासून सुरुवात केली. सावकाश, एकेक बोट घेऊन, काही न गाळता ती वर येत गेली, आणि मी ऐकत राहिलो.